आई हात न टेकता उठते का? : साठीपुढच्या बायकांचे पाय आणि हाडं

निशिगंध | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

माझी आई ७२ वर्षांची आहे. वाईला एकटी राहते, दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतः करते, रोज सकाळी घाटावर ढोल्या गणपतीला चालत जाऊन येते. त्यामुळे "आमची आई ठणठणीत आहे" असं मी सगळ्यांना सांगत असायचे.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला गेले होते. आरती झाली, सगळे प्रसादाला उठले, आई पाटावर बसूनच राहिली. मला वाटलं जप करतेय. मग ती डाव्या कुशीला कलली, दोन्ही तळवे फरशीवर टेकले, गुडघ्यांवर आली आणि ज्या चौरंगावर गणपती होता त्याच चौरंगाची कड धरून तिने स्वतःला वर ओढलं. उभी राहिल्यावर थोडा वेळ तशीच थांबली. माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारीत मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळून ती पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करून घ्यायला सांगितलं, त्यात खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उणे १ पर्यंत हाड ठीक समजतात, उणे १ ते उणे २.५ मध्ये विरळ व्हायला लागलेलं, आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होणं. आठवड्याची गोळी, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व सुरू झालं. "आता जपून राहा, वजन उचलू नका" एवढं सांगून घरी पाठवलं.

आईने ते शब्दशः घेतलं. कळशी बंद, देऊळ बंद, गच्चीवर वाळवण घालणं बंद. दिवसभर खुर्चीत. दीड महिन्यात तिच्या पोटऱ्या इतक्या उतरल्या की जुने पायमोजे ढिले व्हायला लागले.

प्लास्टर निघाल्यावर मनगटाच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी मनगटाला हातही न लावता आधी सांगितलं, "आजी, हात छातीशी घडी करा आणि खुर्चीतून उठून दाखवा." आईला उठता आलं नाही. दोनदा झोका घेतला, परत बसली. मग खुर्चीवर ब्लँकेटची घडी ठेवून उंची वाढवली, तेव्हा ३० सेकंदांत चार वेळा उठली. बाई म्हणाल्या, "मोडला हात, पण तुम्ही पडलात पायांमुळे. उंबऱ्याला सगळेच अडखळतात. दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरायला मांडीत जोर लागतो, तो तुमच्यात उरलेला नाही."

तेव्हापासून सात महिने झाले. आई एक दिवसाआड व्यायाम करते. खुर्चीतून उठणं-बसणं, बसताना तीन अंक मोजत सावकाश. ओट्याला धरून टाचा उचलणं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय चढवून-उतरवून. ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. जूनपासून पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची एक किलोची पिशवी घालून उठते-बसते, दिवाळीत दुसरी पिशवी आली. काल मोजलं: साध्या खुर्चीवर, ३० सेकंदांत ११ वेळा.

धागा काढायचं कारण एवढंच की गोळी द्यायला सगळे सांगतात, पण पाय कोणी तपासत नाही. तुमच्या आईला, सासूबाईंना, काकूला आजच खुर्चीतून उठायला सांगून बघा आणि इथे लिहा.

अबोली_७ | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

निशिगंध, वाचता वाचता उठून सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. वय ६६. हात न लावता सात वेळा झालं, पण आठव्याला थांबल्या आणि म्हणाल्या मांड्या थरथरतात. हे कमी आहे का? त्या रोज संध्याकाळी तासभर बागेत चालतात. चालणं पुरेसं नाही का?

चालतीबोलती | ९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १८ वर्षं ज्येष्ठांबरोबरच काम करते. धागा बघून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

अबोली, ३० सेकंदांच्या चाचणीत बायकांसाठी ६०-६४ ला १२ पेक्षा कमी, ६५-६९ ला ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ ला १० पेक्षा कमी आणि ८०-८४ ला ९ पेक्षा कमी आलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. म्हणजे सासूबाईंचे सात कमीच आहेत. घाबरू नका, पण आठवडा वाया घालवू नका.

आता चालण्याबद्दल. हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी चालणं उत्तम, ते सोडू नका. पण जी बाई वीस वर्षं रोज चालते तिच्या हाडाला त्या भाराची सवय झालेली असते. नेहमीपेक्षा जास्त ताण आला तरच हाड नवा थर घालतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ मध्ये हे मांडलं: हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं. याची उलट बाजू अंतराळवीरांमध्ये दिसली. भारच नाही म्हटल्यावर त्यांच्या खुब्याच्या हाडाची महिन्याला एक ते दीड टक्का झीज होते. पृथ्वीवर एखाद्या वयस्क बाईची वर्षभरात होते तेवढी!

आणि हाड एकटं नसतं. मांडीचा स्नायू आकसतो तेव्हा तो ज्या हाडाला चिकटलेला असतो त्याला ओढतो, ती ओढ हेच हाडाचं खाणं. स्नायू रोडावला की हाडाची उपासमार सुरू होते. तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू जातो, साठीनंतर आणखी वेगाने. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी याला सार्कोपेनिया हे नाव दिलं, तोवर वयाबरोबर हे होणारच असं धरून चालायचे. बायकांमध्ये त्यात पाळी जाण्याची भर पडते. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षीच जाते आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडाची २० टक्क्यांपर्यंत झीज होऊ शकते. म्हणून पन्नाशीची बाई बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून हाड पोखरत असतं.

स्नायूतले झटका देणारे, चपळ तंतू वयाबरोबर आधी जातात. निशिगंधच्या फिजिओने "झटकन पाय पुढे टाकणं" म्हटलं ते नेमकं याबद्दल. म्हणून माझ्याकडे बायका जरा तयार झाल्या की मी सांगते: बसताना सावकाश, उठताना जोरात.

एक काळजीचं: एका पायावर उभं राहण्याचा सराव ओट्याला धरून करा, पण गॅस पेटलेला असताना नको. पोळ्या लाटता लाटता हे करणाऱ्या दोघी माझ्याकडे भाजून आल्या आहेत.

रानजाई | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मनापासून विचारते, माझ्या आईचे गुडघे दोन्ही झिजलेत. डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका, जिने टाळा असं सांगितलंय. तिने हे केलं तर गुडघे अजून खराब होणार नाहीत?

चालतीबोलती | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.५०

रानजाई, गुडघेदुखीत सगळ्यात आधी मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडतो. तो लुळा पडला की पावलागणिक धक्का थेट सांध्यावर बसतो, दुखतं, म्हणून हालचाल कमी, म्हणून स्नायू आणखी लुळा. हे चक्र तोडायचं तर स्नायूच वाढवावा लागतो. उकिडवं बसायची गरज नाही. खुर्ची उंच करा, दोन उश्या ठेवा, जेवढ्या उंचीवरून कमी दुखतं तिथून उठायला सुरुवात करा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक घडी काढा. पलंगावर बसून पाय सरळ करून पाच अंक धरून ठेवणं हेही चालेल. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर ठीक. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर भार जास्त झाला, तो कमी करा, बंद करू नका.

मधुमालती | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

आमच्या आज्या कुठे व्यायामशाळेत गेल्या होत्या? विळीवर बसून भाजी चिरायची, जात्यावर दळायचं, उकिडवं बसून सारवायचं, शौचालय भारतीय, पंगतीत वाढताना शंभर वेळा वाकायचं. मंगळागौरीच्या रात्री तर विचारू नका. आठवून बघा, बसफुगडी म्हणजे काय? उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या. कोंबडा, पिंगा, झिम्मा, सगळे पायाचे खेळ. आता ओटा कंबरेएवढा, जेवण टेबलावर, कमोड, लिफ्ट. दिवसभरात बाई एकदाही जमिनीपर्यंत जात नाही. मी ५४ वर्षांची आहे, गेल्या श्रावणात बसफुगडीला बसले आणि चौथ्या उडीला पाय उचललाच नाही. त्या दिवसापासून भाजी खाली बसून निवडते.

चालतीबोलती | ९ नोव्हेंबर, रात्री १०.०२

मधुमालती, अगदी मोलाचं लिहिलंत. ब्राझीलमध्ये क्लाउदियो जिल अराउजो यांच्या गटाने ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं. कमीत कमी आधार घेऊन उठणाऱ्याला दहापैकी जास्त गुण. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: ज्यांचे गुण कमी, त्यांच्यातले मृत्यू पुढच्या वर्षांत कितीतरी जास्त. आपल्याकडे ही परीक्षा प्रत्येक पंगतीत व्हायची!

फक्त ज्यांचा टी-स्कोअर आधीच खालचा आहे त्यांनी बसफुगडी घालू नये. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी जरूर घाला.

बालाघाट | १० नोव्हेंबर, सकाळी ७.२०

हा धागा रात्री दोनदा वाचला. काही मनात आलं ते लिहितो, चुकलं तर सांगा.

तुम्ही म्हणता भार घेतला की हाड बळकट होतं. माझी आत्या बीड जिल्ह्यातली, वीस वर्षं ऊसतोडीला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला उठून फडात, दिवसभर वाकून तोडणी, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. तिच्याएवढा भार इथल्या कोणी उचलला नसेल. तरी ४९ व्या वर्षी घागर उचलताना पाठीत काहीतरी कडकन मोडलं. मणका दबला होता. आता ती पुढे वाकून चालते, म्हणते, "उभं राहावंच वाटत नाही रे." मग भाराचा फायदा तिच्या हाडाला का झाला नाही?

एक गोष्ट सांगायची राहिली. ३३ व्या वर्षी तिची पिशवी काढली होती. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापायचा, अंगावरून जायचं, गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात सांगितलं की काढून टाका, कटकट जाईल. आमच्याकडे हे किती घरांत झालं ते २०१९ मध्ये बाहेर आलं. राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

चालतीबोलती | १० नोव्हेंबर, सकाळी ११.४५

बालाघाट, तुम्ही काही चुकलेलं नाही. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

भाराने हाड बांधलं जातं ते भारानंतरच्या विश्रांतीत, आणि त्याला तीन गोष्टी लागतात: पुरेसं खाणं, झोप आणि इस्ट्रोजेन (अंडाशयांत तयार होणारं संप्रेरक). आत्यांना भार मिळाला, बाकी तिन्ही मिळाल्या नाहीत. भाकरी-मिरचीवर दिवस, अंगात रक्त कमी, बाळंतपणं लवकर, चार तासांची झोप. त्यात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद झालं. शहरातल्या बाईच्या हाडाची जी झीज सत्तेचाळिशीला सुरू होते, ती त्यांची तेहतिशीला सुरू झाली. आणि अंडाशयं ठेवली असली तरी पिशवी काढलेल्यांची पाळी जाण्याची वेळ बऱ्याचदा अलीकडे येते, फक्त ती आलेली कळत नाही, कारण पाळी आधीच थांबलेली असते.

आत्याच्या ऑपरेशनचा कागद घरात असेल तर शोधा. त्यात फक्त गर्भाशय लिहिलंय की अंडाशयंही, ते डॉक्टरांना दाखवा. ४५ च्या आत अंडाशयं काढलेल्या प्रत्येक बाईची हाडं लवकर तपासायला हवीत, ती साठीची व्हायची वाट बघायची नाही. आत्यांसाठी औषध आधी, व्यायाम नंतर आणि तोही कोणाच्या तरी देखरेखीखाली. पुढे वाकून काही उचलू देऊ नका. घागर निम्मी भरून, कंबरेवर नको, दोन्ही हातांत अंगाजवळ धरून.

बालाघाट | १० नोव्हेंबर, दुपारी १२.३०

कागद आहे. पत्र्याच्या पेटीत राशन कार्डाबरोबर ठेवलाय तिने. रविवारी गावी जातोय.

तगर | १० नोव्हेंबर, दुपारी २.१०

बालाघाट, आत्याला आमचा नमस्कार सांगा.

मी योग शिकवते, म्हणून विचारते. माझ्या वर्गात साठीपुढच्या बावीस जणी आहेत. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन नियमित घेते. हाडं विरळ असणाऱ्यांना हे चालतं ना?

चालतीबोलती | १० नोव्हेंबर, दुपारी ४.००

तगर, विरळ हाडांत पाठ गोल करून पुढे वाकणं टाळाच. मणक्याची पुढची कड दबते. १९८४ मध्ये मेहरशीद सिनाकी आणि बेथ मिकेलसन यांनी मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांचा अभ्यास छापला. ज्यांना पाठ मागे ताणायचे व्यायाम दिले होते त्यांच्यात नवीन मणका दबण्याचं प्रमाण १६ टक्के, आणि पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. गट लहान होते, पण मी तो वाचल्यापासून कोणत्याही आजीला पायाचे अंगठे पकडायला सांगितलेलं नाही.

तुमच्या वर्गात करण्यासारखं खूप आहे. भिंतीजवळ उत्कटासन, खुर्ची धरून वीरभद्रासन, सेतुबंध, सोसेल तेवढं भुजंगासन. उत्कटासनात आठ श्वास थांबलात तर मांड्याच सांगतील काय काम झालं ते.

तगर | १० नोव्हेंबर, दुपारी ४.२५

आकडे वाचून हादरले. उद्यापासून पश्चिमोत्तानासन बंद. बावीस जणींना डेक्सा झालंय का विचारते, आणि उंचीही मोजते, कारण तुम्ही लिहिल्यावर आठवलं, दोघी म्हणत होत्या की साड्यांचा घोळ हल्ली खाली लोळतो.

चालतीबोलती | १० नोव्हेंबर, दुपारी ४.३२

त्या दोघींना आधी पाठवा. न दुखता मणका दबल्याची ती खूण असू शकते.

सातासमुद्रापार | १० नोव्हेंबर, रात्री ८.४५

ब्रिस्बेनहून लिहितेय. माझ्या सासूबाई, वय ६८, मूळच्या कोल्हापूरच्या, सहा वर्षं आमच्याकडे असतात. इथे जवळच ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटाने लिफ्टमोर नावाचा प्रयोग केला होता. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, शिक्षकांच्या नजरेखाली जड वजनं: जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठक, डोक्यावर उचलणं आणि उडी मारून धपकन उतरणं. पाच वेळा, असे पाच फेरे. बाकीच्यांना घरी हलके व्यायाम. आठ महिन्यांनी जड वजनवाल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, घरच्यांची १.२ टक्के घटली. आणि एवढं वजन उचलूनही हाड कोणाचं मोडलं नाही.

त्याच पद्धतीच्या वर्गाला आम्ही सासूबाईंना घातलं. पहिल्या महिन्यात त्या फक्त काठी उचलत होत्या, कंबरेतून कसं वाकायचं, पाठ सपाट कशी ठेवायची, एवढंच. "मी काय कोल्हापूरची आहे म्हणून तालमीत घालता का?" म्हणाल्या होत्या. आता २८ किलोचा बार उचलतात. परवा बाजारातून दहा किलोची आट्याची पिशवी गाडीच्या डिकीतून त्यांनी काढली आणि मला बाजूला हो म्हणाल्या.

अबोली_७ | १० नोव्हेंबर, रात्री ९.३०

"वजन उचलू नका" असं सांगतात आणि इथे २८ किलो! निशिगंधच्या आईने तांदळाच्या पिशव्या वाढवत न्याव्यात का मग?

चालतीबोलती | १० नोव्हेंबर, रात्री १०.२०

वाढवाव्यात, पण पायरीपायरीने. ब्रिस्बेनच्या प्रयोगातलं "शिक्षकांच्या नजरेखाली" हे सोडून देऊ नका. व्हिडिओ बघून घरी जड बार उचलणं धोक्याचं. घरी नियम साधा: दहा वेळा सहज जमायला लागलं आणि अकरावं-बारावंही जमेल असं वाटलं की अर्धा-एक किलो वाढवा. शेवटच्या दोन वेळा मांडीला जड गेलं पाहिजे. काहीच जड जात नसेल तर हाडाला काही कळत नाही.

"या वयात काय होणार" म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे जड व्यायाम दिले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

डोंगरवाट | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मी आहारतज्ज्ञ नाही, पण आईसाठी (६९, वजन ५२ किलो, शाकाहारी) गेलं वर्षभर वहीत हिशेब ठेवलाय. साठीपुढे किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे तिला ५२ ते ६२. मी पहिला आठवडा नुसतं टिपलं: सकाळी चहा-खारी, जेवायला दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, रात्री मुगाची खिचडी किंवा दूधभात. कसेबसे ३५. एकादशी आणि गुरुवारी तर साबुदाणा, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

बदल असे केले. सकाळी चहाबरोबर खारीऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे, ते सात ग्रॅम. कणकेत सोयाबीनचं पीठ, दोन पोळ्यांमागे दोन चमचे. वरण घट्ट. आठवड्यातून तीनदा पिठलं. रात्री झोपताना पेलाभर दूध, आठ ग्रॅम. उपासाला राजगिरा आणि दही, साबुदाणा बंद. हा बदल करायला तिला समजवावं लागलं नाही, राजगिऱ्याची थालीपीठं तिला आवडतातच. आता ५५ पर्यंत जातं.

कॅल्शियम पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, तिळात तर हजारावर, म्हणून संक्रांतीपुरता नाही, बाराही महिने तीळकूट पोळीवर. शेवग्याचा पाला अंगणातच आहे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

पडवी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.००

आम्ही मालवणचे. आमच्याकडे सुका जवळा आणि काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली, म्हणजे कॅल्शियम आणि प्रथिनं एकाच ताटात. कुळथाची पिठी आहेच. पण आईचं डी जीवनसत्त्व तपासलं तर ९ निघालं, म्हणजे फारच कमी. दिवसभर घरात, आणि बाहेर पडते ती उन्हं उतरल्यावर. तिला खालून उठताना मांड्यांना हात लावून उठावं लागायचं, चालताना बदकासारखी डुलायची. डी भरून काढल्यावर तीन महिन्यांत डुलणं थांबलं. आम्ही वय झालं असंच समजत होतो.

आजोळ | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मी ७८ वर्षांचा आहे, नातू टाइप करतो आहे.

माझ्या पत्नीचा खुबा तीन वर्षांपूर्वी मोडला. रात्री अडीचला लघवीला उठली, दिवा लावला तर माझी झोप मोडेल म्हणून अंधारात गेली. दारातल्या पायपुसण्यावरून घसरली. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं, डॉक्टर उत्तम होते. दोन महिन्यांत ती वॉकर घेऊन चालायला लागली, पण मन मात्र बसलं. एकटी न्हाणीघरात जाईना. मी दाराबाहेर उभा राहायचो आणि ती आतून दर मिनिटाला "आहात ना?" विचारायची.

वर्षभराने मुलीने व्यायाम शिकवणारी बाई लावली. त्यांनी पहिल्यांदा चालायला नाही, तर पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. गादीवर झोपवून, कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, खुर्ची धरून. ज्या दिवशी तिला ते एकटीने जमलं, त्या दिवसापासून "आहात ना?" बंद झालं.

पायपुसणी सगळी काढली. रात्रभर एक लहान दिवा जळतो. न्हाणीघरात दोन दांड्या बसवल्या. गेल्या महिन्यात ती बहिणीकडे एसटीने गेली. ७५ वरच्यांना तिकीट नाही, पण एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते तुम्हाला ठाऊक आहे. कंडक्टर हात द्यायला पुढे आला, ती म्हणाली राहू दे, चढते.

निशिगंध | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

आजोळ काका, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मलाही ते पडल्यावर उठायचं शिकायचं आहे. काकूंना नमस्कार.

रानजाई | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

औषधाबद्दल एक. माझ्या मावशीला सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू होतं. बरं वाटायला लागलं म्हणून तिने दोन डोस चुकवले. चालतं का?

चालतीबोलती | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०

सहामाही इंजेक्शन म्हणजे बहुतेक डेनोसुमॅब. ते असं मधेच सोडायचं नसतं. थांबवलं की झीज उसळी मारून परत येते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. बंद करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं. मावशींना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

आणि आठवड्याची गोळी घेणाऱ्या सगळ्यांसाठी: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी तर मुळीच नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. माझ्याकडच्या कितीतरी जणी ती चहाबरोबर घेत होत्या, म्हणजे घेतल्यासारखीच नव्हती.

निशिगंध | ११ नोव्हेंबर, रात्री ९.०५

हे वाचून आईला विचारलं. ती ती गोळी दुधाबरोबर घेत होती. नऊ महिने. मीच कधी बघितलं नाही. रविवारपासून पाण्याबरोबर.

चालतीबोलती ताई, एक विचारते. पुढच्या फेब्रुवारीत डेक्सा परत करायचं ठरवलंय. सात महिन्यांच्या व्यायामाने टी-स्कोअर सुधारला असेल का?

चालतीबोलती | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५०

हाड फार सावकाश बदलतं. वर्षाच्या आत मोजण्यात अर्थ नाही, आणि वर्षाने आकडा तिथेच राहिला तरी ते यश समजा, कारण या वयात तो खाली जायला हवा होता. गोळी दुधाबरोबर जात होती हेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर ते म्हणतील औषध लागू पडत नाही. तोवर आईंचं ३० सेकंदांचं मोजत राहा. ते महिन्या-दोन महिन्यांतच बदलताना दिसतं.

चंद्रज्योती | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

नवीन आहे, पहिल्यांदाच लिहितेय. आईला (७५) आज बसवून बघायचंय. आमच्या घरी खुर्च्या वेगवेगळ्या उंचीच्या आहेत. कोणती घेऊ?

चालतीबोलती | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

सतरा इंच, बिनहातांची, चाकं नसलेली. प्लास्टिकची नको, ती सरकते. पाठ भिंतीला टेकवून ठेवा, आईंना अनवाणी किंवा घट्ट बसणाऱ्या चपलांत बसवा आणि पहिल्यांदा तुम्ही शेजारी उभ्या राहा.

चंद्रज्योती | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

सहा.